नॉर्मल नवरा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज प्रोब आला. तळहातात मावेल एवढा, पुढून वाकडा, हॉकीच्या काठीचं पिल्लू म्हणावं तसा. सोनोग्राफीचं यंत्र आपलं जुनंच, पण हा जोडला की कातडीखालची नस तिच्यातल्या धाग्यांसकट दिसते, असं प्रोबवाला म्हणाला. प्रोबवाला म्हणजे कंपनीचा माणूस. महिनाभर वापरून बघा म्हणून प्रोब ठेवून गेला आणि वर ही वही भेट दिली. पहिल्या पानावर कंपनीचं हसरं मूत्रपिंड आहे. माझ्याकडून महिनाभर रोज काहीतरी लिहून होईल असं मूत्रपिंडाला वाटत असावं.

बावीस वर्षं मी लोकांच्या पोटात बघत आले. खडे, गाठी, बाळं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कोपरात बघायची हौस आली. पुढच्या टेबलावर बसून पेशंटांना धाकात ठेवणाऱ्या माझ्या नणंदबाई (शाळेतून निवृत्त, आवाज अजून वर्गातला) म्हणाल्या, "कोपराला गूळ लावून गेला तो. महिन्यानं प्रोब घेऊन जाईल, तू बस चाटत."

पण समोरच्या इस्पितळातल्या हातांच्या सर्जनशी माझं ठरलं आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडामागच्या खोबणीतून एक नस जाते. दाराच्या कडेवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत जो करंट जातो, तो तिचाच. ही नस चेपली की करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट बधिर होतं, पुढे पंजातली ताकद जाते. आजवर हे तपासायचं तर विजेचे चटके आणि सुया. लोक घाबरतात, पळून जातात. मी म्हटलं, मी न दुखवता सांगते, शिवाय नेमकी कुठे चेपली ते दाखवते. सर्जन म्हणाला, "मॅडम, दहा पेशंट पाठवतो. चटक्यांचा निकाल पाकिटात बंद. दहापैकी आठ जुळले तर यापुढे सगळी कोपरं आधी तुमच्याकडे. नाही जुळले तर तुम्ही पोटं बघा, मी हात बघतो."

तोंडावर सांगितलं त्यानं. आता माघार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चेपलेली नस फुगते. म्हणजे तिच्या आडव्या छेदाचं माप घ्यायचं आणि नॉर्मलशी ताडून बघायचं. पुस्तक सांगतं, दहा चौरस मिलिमीटरपर्यंत ठीक. पण प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं की प्रत्येकानं आपल्या यंत्रावर, आपल्या हातानं, आपला नॉर्मल ठरवावा. तीस निरोगी माणसं तपासून.

तीस! मला एक मिळेना. नणंदबाईंना गुदगुल्या होतात. झाडलोटीच्या मावशींना वाटतं, आत बघितलं की काहीतरी निघतंच. माझ्याच कोपरावर करायला गेले, तर एका हातात प्रोब आणि दुसरा हात तपासणीला. चित्र थांबवायचं बटण दाबणार कशानं, नाकानं? करून पाहिलं. नाकानं छपाईचं बटण दाबलं गेलं आणि काळोखाचे अकरा फोटो निघाले.

शेवटी दुपारी डबा घेऊन आलेला नवरा कामी आला. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. मी त्याला घड्याळजीच म्हणते. दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलतो, त्यातली बारा गिऱ्हाइकांशी. म्हटलं, हात दे. त्यानं मुकाट्यानं बाही वर केली आणि डावा हात पुढे केला. उजव्या हातात चमचा होता.

चौदा. तीनदा मोजलं, तीनदा चौदा. नस मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते म्हणतात, ते पोळं काही दिसलं नाही, नुसता काळसर ठिपका. यंत्राचा उजेड वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. काळसरच. असो. पुस्तकातलं यंत्र वेगळं, माझं वेगळं. पुस्तकातली माणसंही बारीक असतील.

वहीत लिहून ठेवलं: या सेंटरचा नॉर्मल, चौदा. खाली रेघ मारली. बावीस वर्षं ज्याच्याशी संसार केला तो माणूस नॉर्मल असल्याचा लेखी पुरावा बायकोकडे असावा, याचं मला फार समाधान वाटलं.

"काय निघालं?" त्यानं विचारलं.

"एकदम नॉर्मल," मी म्हटलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग बाही खाली करून गेला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घड्याळजी आता रोज येतो. मी बोलावलं नव्हतं हो, आपणहून येतो. डबा ठेवतो, बाही वर करतो, झोपतो. माझा सराव होतो. रोज विचारतो, "आज कसं?" मी रोज सांगते, "कालच्यासारखंच. झकास."

इतकं लक्ष त्यानं माझ्या कुठल्याच कामात आजवर घातलं नव्हतं. या वयात प्रेमाला अशी पालवी फुटेल असं वाटलं नव्हतं. नणंदबाईंना सांगितलं तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं फक्त.

आज जाता जाता म्हणाला, "हल्ली मुंग्या फार येतात गं." तेवढ्यात पोटदुखीचा पेशंट आला. मी म्हटलं, "गोड खात असशील टेबलावर," आणि कपाटातून मुंग्या मारायचा खडू काढून त्याच्या हातात दिला. तो खडूकडे बघत उभा राहिला. मग खिशात घालून गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला पेशंट! बस ड्रायव्हर. वीस वर्षं उजवं कोपर खिडकीवर टेकून बस चालवतो. आडदांड माणूस, पण आत येताना चप्पल काढून आला.

तेरा. माझ्या घड्याळजीपेक्षा एक कमीच. काळसर होती खरी, पण ती तर घरचीही आहे. रिपोर्ट दिला: नस नॉर्मल.

"म्हणजे काही नाही ना, डॉक्टरबाई?" त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हटलं. माणूस सुटल्यासारखा हसला आणि चप्पल हातातच घेऊन निघाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आणखी दोन झाले. एक बारा (नॉर्मल), एक अठरा. अठरा मापाची ती बाई दिवसभर फोन कानाला लावून बसते. तिची नस पाण्यात भिजलेल्या दोरीसारखी फुगलेली. लगेच ओळखलं. काय वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन घड्याळजीला सगळं रंगवून सांगितलं. कशी दिसते, कुठे चेपते, वेळेवर नाही सोडवली तर पंजा कसा वाळतो.

तो चहा पीत ऐकत होता. चहा पिताना हल्ली त्याची डावी करंगळी बाहेर राहते, अगदी बड्या साहेबासारखी. मी हसले. "हा कधीपासूनचा थाट?" त्यानं करंगळी दुसऱ्या हातानं आत दाबली.

"आणि ती बाई," त्यानं विचारलं, "तिचं चौदापेक्षा जास्त होतं ना?"

"अठरा."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि उरलेला चहा संपवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाकिटं फुटली. तिघांच्याही नसा चेपलेल्या. तीनपैकी माझा एक बरोबर.

सर्जननं पाकिटं एखाद्या परीक्षकासारखी टेबलावर मांडली. "मॅडम, तेरा म्हणजे नॉर्मल?" मी म्हटलं, आमच्या सेंटरचा नॉर्मल चौदा आहे. "तुमच्या सेंटरची हवा चांगली दिसते," तो म्हणाला. मी पर्स उचलून बाहेर पडले. जिन्यात उत्तर सुचलं, पण ते तिथे काय कामाचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज घरी दुसरा कप फुटला. निळा. माझा आवडता. घड्याळजीच्या हातून सटकला. मी फाडफाड बोलले. लक्ष कुठे असतं, हाताला तेल लावून हिंडतोस का वगैरे. तो तुकडे उचलत बसला. ते उचलतानाही दोनदा सांडले. मग मीच केरसुणी घेतली.

दुकानाचंही हेच. हल्ली मनगटी घड्याळं परत पाठवतो. "पार्ट मिळत नाहीत" म्हणतो. भिंतीवरची तेवढी घेतो. म्हटलं, आळशी झालास. तर म्हणे, "मोठी घड्याळं बरी."

मुंग्या गेल्या का विचारलं. "नाही," म्हणाला, "घरीही येतात."

"घरी? मला एक दिसली नाही."

"तुला कशा दिसतील," तो म्हणाला. मला राग आला. घर मी इतकं लख्ख ठेवते आणि हा टोमणे मारतो.

नणंदबाईंना सांगितलं, तुमचा भाऊ बदललाय. त्या म्हणाल्या, "तो कसला बदलतोय. तिसरीत असताना पायात काच घुसली तर दोन दिवस तसाच शाळेत गेला. आईनं मोजा काढला तेव्हा कळलं. तो सांगत नाही गं. बघावं लागतं." मी म्हटलं, रोज तर बघतेय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

संपलं. या आठवड्याचे तीन: आठ, तेरा, अकरा. मी तिन्ही नॉर्मल लिहिले. आठ मापाचा खरंच नॉर्मल निघाला, बाकी दोघांच्या नसा चेपलेल्या. सहापैकी चार चुकले. उरलेले चारही जुळले तरी आठ होत नाहीत. गणित तिसरीचं आहे.

सर्जन आज टोमणाही मारेना, ते जास्त लागलं. "तुमचा हात स्थिर आहे, चित्रं स्वच्छ आहेत," म्हणाला. "मग चुकतंय कुठे, मलाच कळत नाही." प्रोब परत द्यायला हरकत नाही असंही म्हणाला. अगदी गोड शब्दांत.

परत आले तर बाकावर बस ड्रायव्हर. सर्जननं त्याला ऑपरेशन सांगितलंय. मला वाटलं भांडायला आला. तर म्हणाला, "तुम्ही काही नाही म्हणालात ना, म्हणून मी विचारायला आलो, करू का नको?" अजूनही त्याचा माझ्यावर विश्वास. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, "करा. मी चुकले. सर्जनचं ऐका." त्यानं मान डोलावली. जाताना चप्पल घालायला उजवा हात लावला, आणि त्या हाताचा अंगठा कसा तिसरीकडेच वाकला ते मी पहिल्यांदा पाहिलं. तपासताना मी स्क्रीनकडेच बघत होते.

रात्री जेवले नाही. कोपरं या विषयाला कोपरापासून नमस्कार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रोब डब्यात भरत होते. नणंदबाई आल्या. म्हणाल्या, "जाण्याआधी एकदा तुझंच बघ. बटण मी दाबते." त्यांना माझी दया आली असावी, एरवी त्या पंख्याचं बटणही दाबत नाहीत.

बघितलं. माझी नस सात. फक्त सात! घड्याळजीच्या निम्मी. आणि दिसायलाही विचित्र, आत दहा-बारा बारीक घरं, पोळ्यासारखी. दुसरा हात केला: साडेसात.

माझ्या नसा सुकत चालल्यात. दुसरं काय? दोन्ही हातांच्या. बोटं चाळवून पाहिली, चालतात. पण सुरुवातीला चालत असतील. आता कळलं, चुका का होतायत. मला काहीतरी झालंय.

नवऱ्याला सांगितलं. तो घाबरला. चेहरा पांढराफटक. "तुझे हात?" म्हणाला, "तुझे नको गं." मला त्याचा इतका उमाळा आला की मीच त्याला धीर दिला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नऊ. हे लिहून ठेवते, कारण नंतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

आल्या आल्या नणंदबाईंना झोपवलं. गुदगुल्या गेल्या खड्ड्यात म्हटलं. त्या किंचाळत राहिल्या आणि मी मोजत राहिले. आठ. आत पोळं. मग मावशींना हातापाया पडून तयार केलं: सात. पोळं. प्रोबवाला प्रोब न्यायला आला होता, त्याला धरला: नऊ. पोळं. रक्त तपासायला आलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी "माझं पण बघता का" विचारलं: आठ.

मी म्हटलं, "ताई, सगळ्यांच्याच नसा सुकल्यात."

नणंदबाई बाही खाली करत म्हणाल्या, "सगळ्यांच्या सुकल्यात, का एकाची सुजली आहे?"

मी खुर्चीत बसले. कप. करंगळी. मनगटी घड्याळं. दिवसभर डावं कोपर टेबलावर रोवून, हात दुमडून, डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस. मुंग्या! अगं बाई, मुंग्या! मी त्याला खडू दिला.

तीस माणसांच्या जागी मी एक माणूस घेतला, आणि तोही आजारी घेतला, आणि त्याला नॉर्मल ठरवून सगळ्या आजाऱ्यांना नॉर्मल ठरवलं. अशी चूक माझ्याशिवाय कोण करणार. आत्ता त्याच्या दुकानात निघाले आहे.

तोच दिवस, दुपार

तो नेहमीच्या जागी होता. टेबलावर जिथे कोपर टेकतं तिथला रंग गेलाय, वाटीएवढा गोल. मी इतकी वर्षं त्या दुकानात जातेय, मला तो गोल कधी दिसला नव्हता. खडू शेजारी पडलेला, न वापरलेला.

"मुंग्या कुठे येतात?" मी विचारलं.

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. मग डावा हात वर केला. "इथे."

"हाताला येतात म्हणून सांगता येत नव्हतं?"

"सांगत होतो. तू खडू दिलास."

"खडू दिला म्हणून गप्प बसायचं?"

"आधी वाटलं चेष्टा करतेयस." तो हातातला स्क्रू ड्रायव्हर फिरवत राहिला. "मग तू रोज आत बघत होतीस ना. रोज म्हणायचीस, एकदम नॉर्मल. मी म्हटलं, हिला आतलं दिसतंय. हिला दिसतंय ते खरं, मला वाटतं तो मनाचा खेळ."

"म्हणून रोज यायचास?"

"नॉर्मल ऐकलं की दुपार बरी जायची," तो म्हणाला. "संध्याकाळी परत सुरू व्हायचं."

मी प्रेमाची पालवी समजत होते. तिथेच, गिऱ्हाइकासमोर, मला रडू फुटलं. गिऱ्हाईक म्हणालं, मी नंतर येतो. घड्याळजी म्हणाला, "नाही, थांबा, तुमचं झालंय." आणि गजराचं घड्याळ त्याला द्यायला उचललं, ते हातातून निसटलं. मी झेललं. कधी नव्हे ते मी बघत होते.

किती दिवस झाले विचारलं. आठ महिने. छोटा स्क्रू चिमट्यात धरवत नाही. डाव्या हातात घड्याळ स्थिर राहत नाही. "दुकान बंद करावं लागेल का?" त्यानं विचारलं. हे एवढं एकच त्याला आठ महिने विचारायचं होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सर्जननं यंत्राला हात न लावता दोन मिनिटांत ओळखलं. अंगठा आणि बोटात कागद धरायला सांगितला आणि ओढला. घड्याळजीच्या डाव्या हातातून कागद आपसूक निघाला. अंगठ्याजवळचा मांसल भाग बसलाय, हे त्यानं मला दाखवलं. मी घरच्या माणसाचा हात परक्या टेबलावर पहिल्यांदा पाहिला.

मी सगळं कबूल केलं. चौदाचं, खडूचं, सगळं. सर्जन ऐकत राहिला. मग जुन्या रिपोर्टांची थप्पी काढली आणि दहाची रेघ धरून पुन्हा बघितली. सहाच्या सहा बरोबर. तो इतका हसला की नर्स आत डोकावली. "मॅडम, मोजलं तुम्ही अचूक," म्हणाला, "फक्त ज्याच्यापासून मोजायचं तो माणूस चुकला."

मग हसणं थांबवून म्हणाला, "ऑपरेशन करू. पण उशीर झालाय. नस मोकळी होईल. बोटं परत येतील का, हे मी सांगू शकत नाही. तुमच्या प्रोबलाही सांगता येणार नाही."

घड्याळजीनं विचारलं, "कधी कळेल?"

"महिने लागतील. आणि तुम्हालाच कळेल, आम्हाला नाही."

ज्याला आठ महिने सांगता आलं नाही त्याच्यावरच आता सांगायचं काम.

५ मार्च, बुधवार

ऑपरेशन झालं. आधी मी प्रोब ठेवून, नस जिथे दबते तिथे कातडीवर पेनानं फुली मारली. दोनदा पुसून पुन्हा मारली. सर्जननं नेमकं तिथेच उघडलं. बाहेर येऊन म्हणाला, "फुली बरोबर होती." मला पास झाल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

उरलेले चार पेशंटही येऊन गेले. दहापैकी नऊ जुळले. प्रोब राहिला. बस ड्रायव्हर ऑपरेशन करून, पट्टीचा हात घेऊन भेटून गेला. मी त्याची माफी मागितली, त्यानं माझ्याकडून आपल्या बायकोचं पोट बघून घेतलं. फिट्टंफाट.

२१ मार्च, शुक्रवार

रोज चहानंतर परीक्षा. तो डोळे मिटतो, मी करंगळीला कापूस लावते, लागला तर सांगायचं. आज डोळे मिटल्या मिटल्या म्हणाला, "हं. लागला. करंगळीला. छान लागला."

कापूस अजून माझ्या डाव्या हातात होता. मी लावलाच नव्हता.

आधीची मी असते तर वहीत लिहिलं असतं, सुधारणा उत्तम. आज त्याच्याकडे बघत बसले. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, मला खूश करायला बसलेला हा माणूस. "डोळे उघड," मी म्हटलं. त्यानं उघडले. कापूस बघितला. चोरी पकडलेल्या पोरासारखा हसला, आणि मग हसू गेलं.

"नाही लागत," तो म्हणाला. "काहीच नाही लागत गं."

"बरं. उद्या परत."

मी त्याच्यावर रागावले नाही. पण भीती वाटली, ती लिहून ठेवते. बोटं आली नाहीत, तर हा मला जन्मभर "छान लागला" म्हणत राहील. आणि मला खरं काय ते कळणारच नाही.

९ एप्रिल, बुधवार

नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

नाही. रागानं कापूस फेकला (त्यानं). नंतर उचलून आणून दिला.

८ मे, गुरुवार

शेजारच्या बोटाला अर्धवट काहीतरी. "काहीतरी म्हणजे काय?" "काहीतरी म्हणजे काहीतरी." तीन वेळा फसवून पाहिलं, कापूस न लावता विचारलं. तीनही वेळा नाही म्हणाला. म्हणजे खरं असावं. करंगळी अजून लाकूडच.

दुकानात उजव्या हातानं आणि दातांत चिमटा धरून एक लेडीज घड्याळ उघडलं म्हणे. नणंदबाईंनी दातांवरून वर्ग घेतला.

१२ जून, गुरुवार

आज दुकानात त्याच्या टेबलाचा खण अडकला होता. त्यानं धक्का देऊन बंद केला, आणि असा ओरडला, असा ओरडला की समोरचा पानवाला उठून उभा राहिला. मी तिथेच होते, डबा घेऊन. आता डबा मी नेते.

"काय झालं?"

"चेंगरलं! खणात!"

"कुठलं बोट?"

"करंगळी!"

"नक्की करंगळी?"

"मग काय कोपर? आई गं! करंगळी, करंगळी, डावी करंगळी!"

मी टाळ्या वाजवल्या. नवरा ठणाणा बोंबलतोय आणि बायको दुकानात नाचतेय, हे पाहून पानवाल्यानं काय ते समजून घेतलं असेल. "परत सांग, कुठे दुखतंय," मी म्हटलं, "टोकाला की मुळाशी?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. हे काही आधीच म्हणून ठेवलेलं नव्हतं. असं ओरडायचं नाटक त्याला बापजन्मी जमलं नसतं.

मी फुंकर घालायला वाकले, तर त्यानं हात मागे घेतला.

"थांब," म्हणाला. "जरा दुखू दे."